‘फोटो नको’ म्हटलं, की कारण विचारू नका

मागच्या अंकात परिषदांमधल्या फोटोंबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि ‘तुमचे अनुभव कळवा’ म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. कुणाचा फोटो न विचारता छापला गेला, परिषदेत लावलेलं कुणाचं संशोधनाचं पोस्टर कुणी तरी मोबाईलवर टिपून नेलं, कुणी स्वतः आयोजक आहेत आणि यंदा तरी हे नीट करायचं म्हणतात. मी १९९८पासून मुंबईत परिषदा, चर्चासत्रं आणि वार्षिक सभांचे फोटो काढते आहे. त्यामुळे यातली प्रत्येक तक्रार माझ्याच कामाबद्दलची आहे, असं समजून मी ती वाचली. या वेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलं आहे.

ताई, मी एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. कंपनीने मला दोन दिवसांच्या परिषदेला पाठवलं होतं. दुपारच्या जेवणात, तोंडात घास असताना कुणी तरी माझा फोटो काढला. आठवड्याभरात तो आयोजकांच्या लिंक्डइन पानावर आला. ऑफिसात दोघांनी मला तो हसत हसत दाखवला. काढून टाका म्हणून मेल केला, तर उत्तर आलं, ‘प्रवेशद्वाराशी फलक लावला होता, आत आलात म्हणजे संमती दिलीत.’ मला फलक दिसलाच नव्हता. मी उगाच बाऊ करते आहे का?
– बोरिवली

बाऊ अजिबात नाही.

मी कामाला लागले तेव्हा फिल्म होती. एका रोलमध्ये ३६ फोटो. दिवसभराच्या चर्चासत्राला आयोजक चार रोलचे पैसे द्यायचे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, वक्ते, प्रश्न विचारणारे दोघे-तिघे आणि शेवटी ग्रुप फोटो, एवढ्यात रोल संपायचे. जेवणाऱ्यांचे फोटो काढणं कुणालाच परवडत नव्हतं. फोर्टातून प्रिंट आणायच्या, अल्बम लावायचा, सचिवांच्या हाती द्यायचा. तो संस्थेच्या कपाटात जायचा आणि पुढच्या वर्षी कुणी आठवण काढली तरच निघायचा. आज मी एका दिवसात दोन हजार फ्रेम सहज घेते आणि आयोजकांना पहिले पन्नास फोटो चहाच्या सुट्टीपर्यंत मोबाईलवर हवे असतात. तिथून ते हजारो अनोळखी माणसांपुढे जातात, खाली तुमचं नाव आणि कंपनीचं नाव लावून. कपाटातल्या अल्बमला जी मुकाट संमती चालून जायची, ती याला कशी चालेल?

आता तो फलक. मी असे फलक शेकड्याने पाहिलेत. नोंदणीच्या टेबलामागे, स्वागताच्या रांगोळीच्या पलीकडे, प्रायोजकांच्या दोन उंच स्टँडींच्या मधे ए-फोर कागद चिकटवलेला असतो. माणूस सकाळी नऊला लोकलमधून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभा राहून धावत पळत आलेला असतो. तो आपल्या आडनावाचं अक्षर कुठल्या काउंटरवर आहे ते शोधत असतो. समजा, फलक दिसलाही, तरी तुम्ही काय करणार होतात? कंपनीने पैसे भरलेत, साहेबांनी पाठवलंय. ‘मला फोटो नको, मी परत जाते’ असं म्हणण्याची सोयच तिथे नव्हती. ज्यात नाही म्हणायला वाव नाही, त्याला संमती म्हणत नाहीत. फलक ही फार तर सूचना झाली. ती लावावी, जरूर लावावी, पण सूचना दिली म्हणजे होकार मिळाला असं धरून चालू नये.

कायदाही याच बाजूला झुकला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा झाला. ज्यावरून माणूस ओळखू येतो ती माहिती वैयक्तिक, अशी त्यात व्याख्या आहे. तुमचा ओळखू येणारा डिजिटल फोटो त्यात सहज बसतो. त्या कायद्यातली संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती माणसाने स्वतः काही स्पष्ट कृती करून दिलेली असावी लागते. दारातून आत येणं ही तशी कृती आहे असं मला कुणी पटवून दाखवावं. दिलेली संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं असावं, असं त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि संमतीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याची तरतूद आहे. पण चांगल्या आयोजकाने तारखेची वाट का पाहावी?

मला हे एका बाईंनी शिकवलं, आणि त्यात चूक माझी होती. २००९ साल, दक्षिण मुंबईतलं एक सभागृह. चहाच्या सुट्टीत एक बाई माझ्याजवळ आल्या. चाळिशीच्या असतील. ‘माझा फोटो आला असेल तर काढून टाकाल का?’ असं अगदी हळू विचारलं. मी कॅमेऱ्याचा मागचा पडदा पुढे धरला. त्यांनी पर्समधून चष्मा काढून लावला आणि तिसऱ्या रांगेत, खांबाच्या डावीकडे, मुगाच्या दाण्याएवढ्या दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला. आणि मी, चहाच्या टेबलाभोवती सात-आठ माणसं उभी असताना, चांगल्या खड्या आवाजात म्हटलं, ‘अहो, छान आलाय की! का बरं नको?’

सगळ्यांच्या माना वळल्या. त्या ‘राहू द्या’ म्हणाल्या आणि अर्धा कप तिथेच ठेवून गेल्या. दुपारच्या सत्रात त्यांची खुर्ची रिकामी होती, खुर्चीवर परिषदेचं पॅड आणि पेन तसंच. ज्या सत्रासाठी त्या आल्या होत्या ते बहुधा दुपारचंच असावं. घरी जाऊन मी त्यांचे सगळे फोटो पुसले, अकरा निघाले. पण त्यांचा अर्धा दिवस मी त्यांना परत देऊ शकत नव्हते.

त्यांना फोटो का नको होता, ते मला आजवर माहीत नाही. नव्या नोकरीच्या शोधात असतील आणि जुन्या ऑफिसला कळू द्यायचं नसेल. घरचा काही कज्जा कोर्टात असेल. औषधांनी केस गेले असतील. कुणी पाठलाग करत असेल. किंवा काहीच कारण नसेल, नुसतंच नको असेल. तेवढंही पुरे. त्या दिवसापासून कुणी ‘नको’ म्हटलं की मी ‘बरं’ म्हणते आणि समोरच पुसते. पुसते म्हणजे पूर्ण पुसते. अनेक कॅमेऱ्यांत एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवायची सोय असते. एका कार्डावरून पुसला तरी दुसऱ्यावर तो बसलेला असतो. म्हणून फोटोग्राफरने ‘केला डिलीट’ म्हटलं तर ‘दुसऱ्या कार्डावरूनही?’ असं विचारायला संकोच करू नका.

आता तुम्ही काय करायचं? दुसरा मेल लिहा, थोडक्यात. फोटोची लिंक, स्क्रीनशॉट, कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी काढला ते द्या. ‘हा फोटो वापरायला मी संमती दिलेली नाही, दिली असं तुम्ही धरत असाल तर ती मागे घेते’ हे एक वाक्य घाला. लिंक्डइनबरोबरच संस्थेची वेबसाइट, पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक आणि फोटोग्राफरची ड्राइव्ह यांचाही उल्लेख करा, कारण फोटो एका जागी राहत नाही. सात दिवसांत लेखी उत्तर मागा. फोटोवर तुमच्या नावाचा टॅग असेल तर तो तुम्ही स्वतः काढू शकता, तो आजच काढा. कारण मात्र लिहू नका. लिहिलंत की समोरचा त्या कारणावर वाद घालायला बसतो.

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त अभियंता असून आमच्या व्यावसायिक संघटनेचा मानद सचिव आहे. दरवर्षी तीनएकशे प्रतिनिधी येतात. गेल्या वर्षी दोन भगिनींनी फोटोंबद्दल तक्रार केली. यंदा व्यवस्था करावी अशी प्रामाणिक इच्छा आहे, पण कार्यकारिणीत ‘मग फोटोच काढायचे नाहीत का?’ असा सूर आहे. काय करावे?
– ठाणे

साहेब, तुमच्यासारखं पत्र आलं की बरं वाटतं. फोटो जरूर काढा. ते नसतील तर पुढच्या वर्षी प्रायोजकांपुढे काय ठेवणार, आणि ज्यांनी पहिल्यांदा व्यासपीठावर उभं राहून पेपर वाचला त्यांना आठवण कुठून मिळणार?

सुरुवात नोंदणीच्या फॉर्मपासून करा. त्यात एक प्रश्न: माझा फोटो काढलेला चालेल, आधी विचारून चालेल, नको. तिन्हींपैकी कशावरही आधीच खूण केलेली नसावी. ‘नको’ निवडलं तर पुढे कारणाची चौकट नसावी, आणि फी किंवा प्रवेशावर काही परिणाम नसावा. छापील अहवालासाठी आणि सोशल मीडियासाठी वेगवेगळं विचारलंत तर आणखी उत्तम. बऱ्याच जणांना सभासदांपुरता अहवाल चालतो, फेसबुक चालत नाही.

मग गळ्यातल्या दोऱ्या. अमेरिकेतल्या अडा इनिशिएटिव्ह नावाच्या संस्थेने अडाकॅम्प या मेळाव्यांत हिरवी, पिवळी आणि लाल अशा दोऱ्या दिल्या होत्या: हिरवी म्हणजे खुशाल काढा, पिवळी म्हणजे विचारा, लाल म्हणजे नाही. नंतर तंत्रज्ञानाच्या कितीतरी परिषदांनी ही पद्धत उचलली. दोऱ्या नाही तर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळणारे रंगीत गोल स्टिकर बॅजवर लावले तरी चालतात, फारच स्वस्त पडतात.

पण कॅमेऱ्यामागे उभी राहणारी म्हणून सांगते, नुसत्या रंगावर विसंबू नका. स्टेजच्या पिवळट दिव्यात हिरवं आणि पिवळं मला वीस फुटांवरून एकच दिसतं. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही, आणि तुमचा फोटोग्राफर त्यातलाच एक असू शकतो. दोरी ओढणीखाली जाते, कोटाच्या आत जाते. बॅज तर हमखास उलटा फिरतो. दिवसभरात निम्मे बॅज पाठमोरे असतात. म्हणून लाल दोरी जरा रुंद घ्या, तिच्यावर आडवे पांढरे पट्टे असू द्या, आणि बॅजच्या दोन्ही बाजूंना खूण छापा. प्रतिनिधीचा मोबाईल नंबर किंवा क्यूआर कोड मात्र बॅजवर छापू नका. जवळून काढलेल्या फोटोतला क्यूआर कोड कुणीही घरबसल्या स्कॅन करू शकतं, हे आयोजकांच्या लक्षातच येत नाही.

याहून सोपा आणि जास्त खात्रीचा उपाय खुर्च्यांचा आहे. सभागृहाचा एक पट्टा, शक्यतो दारापासचा, ‘इथे फोटो नाही’ म्हणून राखून ठेवा. अगदी मागे नको. ज्याला फोटो नको त्याला वक्ता नीट दिसू नये, ही शिक्षा झाली. मला आधीच कळलं की डावीकडच्या चार रांगा वगळायच्या, तर मी उभं राहायची जागाच तशी निवडते. मग तीनशे गळ्यांतल्या दोऱ्या वाचत बसावं लागत नाही.

ग्रुप फोटोबद्दल कळकळीने सांगते. आपल्याकडे तो नेमका जेवणाच्या आधी, जेवणघराच्या दारातच घेतात. सूत्रसंचालक ‘आधी फोटो, मग भोजन’ असं जाहीर करतात आणि तीनशे भुकेली माणसं पायऱ्यांवर उभी राहतात. ज्याला नको तो जाणार कुठे? वेळ आणि जागा कार्यक्रमपत्रिकेत छापा, जेवणाची वाट दुसरीकडून मोकळी ठेवा.

जेवणाच्या जागी मी आता कॅमेरा पिशवीत ठेवते. आयोजकांना वातावरण हवंच असेल तर जेवण मांडून झाल्यावर, झाकणं उघडायच्या आधी टेबलांचे फोटो घेते.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या संघटनेत नक्की घडत असेल. एका अभियंत्यांच्या परिषदेत १८० प्रतिनिधींमध्ये ११ महिला होत्या. आयोजकांनी मला बजावलं, ‘लेडीज जास्त घ्या, अहवाल चांगला दिसतो.’ मी घेतले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने विचारलं, ‘मॅडम, माझे किती काढलेत?’ रात्री मोजले. दोन दिवसांत एकट्या तिचे ६४. ती आली होती पुलांच्या दुरुस्तीवरचे पेपर ऐकायला, आणि दर थोड्या वेळाने माझं भिंग रोखलेलं. नंतरच्या अहवालात ती सहा पानांवर होती, पण तिने सत्रात विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख कुठेही नव्हता. तुमच्या फोटोग्राफरला असली सूचना देऊ नका. महिला कमी असतील तर अहवालात त्या कमी दिसू देत. मग कदाचित कार्यकारिणी पुढच्या वर्षी वक्त्यांची यादी करताना विचार करेल.

तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि नंबर बॅजच्या मागे छापा. फोटो बाहेर टाकण्यापूर्वी ‘नको’वाल्यांच्या यादीशी एका माणसाने ताडून पाहावेत. तीनशे जणांच्या परिषदेला हे एका दुपारचं काम आहे. कार्यकारिणीला तेवढं सांगा.

ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाशीच्या एका परिषदेत माझं पोस्टर होतं. चहा आणायला गेले तेवढ्यात एकाने पूर्ण पोस्टरचे फोटो काढले, आलेखांचे जवळून. मी आल्यावर तो निघून गेला. सरांना सांगितलं तर ते माझ्यावरच रागावले, म्हणाले आता पेटंट गेलं. मला रात्रभर झोप आली नाही.
– मुलुंड

आधी शांत हो. त्या माणसाने न विचारता फोटो काढला ती त्याची चूक. चहा प्यायला जाणं हा गुन्हा नाही.

पेटंटचं सरांशी नीट बोल. पोस्टर सगळ्यांसमोर लावलं तेव्हाच ती माहिती जाहीर झाली; फोटोमुळे ती जास्त जाहीर झाली असं नाही. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात ३१वं कलम आहे. संशोधकाने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा त्या सभेच्या इतिवृत्तात छापलेल्या पेपरला त्यात १२ महिन्यांची सवलत आहे, म्हणजे तेवढ्या मुदतीत अर्ज केला तर माहिती आधी जाहीर झाली म्हणून पेटंट जात नाही. पण तुझं पोस्टर त्या शब्दांत बसतं का, हे पेटंट एजंटनेच पाहायला हवं, आणि युरोपात अशी सरसकट सवलत नाही. म्हणून या आठवड्यातच तुमच्या संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षात जा, परिषदेची तारीख आणि पोस्टरची प्रत घेऊन. सरांनाही सोबत ने. पेटंट घ्यायचंच असेल तर अर्ज आधी आणि पोस्टर नंतर, हा क्रम त्यांनी तुला सांगायला हवा होता.

पोस्टरचे फोटो काढावेत की नाही, यावर वेगवेगळ्या परिषदांचे रिवाज वेगळे आहेत. १९३१पासून चालत आलेल्या गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेसमध्ये स्लाइडचा किंवा पोस्टरचा फोटो काढायला सरळ मनाई असते. लोकांनी अजून न छापलेलं काम मोकळेपणाने मांडावं, म्हणून. उलट काही परिषदांत फोटो काढून लगेच सगळ्यांना दाखवावेत अशीच अपेक्षा असते. जिथे नियम लिहिलेला नाही, तिथे नियम तू कर. पोस्टरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, आलेखांच्या रेषेत, हाताच्या तळव्याएवढी खूण छाप: कॅमेऱ्यावर काट, खाली ‘कृपया फोटो काढू नका’. खूण खाली पायाशी छापलीस तर गर्दीत कुणालाच दिसत नाही. जे द्यायला हरकत नाही, म्हणजे सारांश आणि तुझा ईमेल, त्याचा क्यूआर कोड शेजारी लाव. बहुतेकांना तेवढंच हवं असतं. पोस्टर सोडून जाताना शेजारच्या पोस्टरवालीला ‘जरा बघशील का?’ म्हण. तिच्या चहाच्या वेळी तू बघ.

पुन्हा असं झालं, तर त्या माणसाच्या समोर जाऊन म्हण, ‘हे काम अजून छापलेलं नाही, फोटो पुसाल का?’ आवाज चढवायची गरज नाही, पण हसून माफी मागतेस तसं बोलू नकोस. त्याने टाळलं तर त्याच्या बॅजवरचं नाव वाच आणि आयोजकांना सांग.

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. परिषदांत आम्ही रुग्णांच्या स्लाइड दाखवतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की पुरे, असा आमचा समज आहे. हल्ली समोरचे डॉक्टर मोबाईलवर त्या स्लाइडचे फोटो काढतात. याची जबाबदारी कुणाची?
– दादर

डॉक्टरसाहेब, पहिली जबाबदारी तुमची. काळ्या पट्टीचा समज सोडून द्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिनेच आपल्या शिफारशींत म्हटलं आहे की डोळे झाकल्याने ओळख लपत नाही. मी किती तरी स्लाइड पाहिल्यात जिथे डोळ्यांवर पट्टी आहे आणि खाली मंगळसूत्र, मानेवरचा तीळ, मनगटावर नवऱ्याच्या नावाचं गोंदण, सगळं लख्ख आहे. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव आणि केस नंबर तसाच. त्या बाईची जाऊ सभागृहात नर्स म्हणून बसलेली असेल तर ती क्षणात ओळखेल.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत ७.१७ या नियमाप्रमाणे ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो किंवा केस परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. नियम छापण्याबद्दल आहे. पण तीनशे मोबाईल समोर रोखलेले असताना स्लाइड दाखवणं आणि छापणं यात अंतर ते किती उरलं? शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरची सही इथे चालवून घेऊ नका. रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा की हा फोटो परिषदेत डॉक्टरांना दाखवणार आहे. शक्य असेल तर तो फोटो त्याला आधी दाखवा आणि मग सही घ्या. तो बरा होऊन घरी निघाला असताना विचारलंत तर उत्तम. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणीही कशालाही हो म्हणतं.

सभागृहात मात्र तोंडाने सांगा. ‘पुढच्या चार स्लाइड रुग्णांच्या आहेत, मोबाईल खाली ठेवा,’ असं म्हणा आणि सगळे खाली गेल्याशिवाय बटण दाबू नका. मी पाहिलंय, पाच सेकंदांत सगळे हात खाली येतात. तेव्हा मीही कॅमेरा छातीशी उलटा धरते, म्हणजे व्यासपीठावरून दिसतं की माझंही बंद आहे.

बोलत असताना पहिल्या रांगेतून फ्लॅश मारतात, माझं वाक्य तुटतं. थांबवायला सांगितलं तर उद्धटपणा होईल का?
– विलेपार्ले

होणार नाही. सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवा: पहिली तीन मिनिटं फोटो, तेही फ्लॅशशिवाय, नंतर नाही. कसलेला फोटोग्राफर तीन मिनिटांत त्याचं काम उरकतो आणि मनातून तुमचे आभार मानतो.

ताई, मी दोन वर्षांपासून कॉर्पोरेट इव्हेंटचं काम करतो. आयोजक सगळ्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या फाइल्स) मागतात. एकाने तर ‘चेहरा ओळखून ज्याचे त्याला फोटो’ देणारी सोय लावली होती. लोक सेल्फी देतात आणि त्यांना आपले फोटो मिळतात. लोकांना ते आवडतं, पण मला कुठे तरी खटकतं. आणि आयोजकाला मी नाही कसं म्हणू? काम जाईल.
– डोंबिवली

तुला खटकतंय ते बरोबर आहे. ज्याने सेल्फी दिली त्याने निदान स्वतः काही तरी केलं. पण त्याचा चेहरा शोधायला ते सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंतले सगळे चेहरे तपासतं, म्हणजे ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांचेही. शिवाय एखाद्याच्या मागे धूसर दिसणारी लाल दोरीवाली बाई दुसऱ्याच्या मोबाईलवर जाऊन बसते. असली सोय वापरायचीच असेल तर ‘नको’वाले फोटो आधी बाजूला काढायचे आणि मग उरलेले चढवायचे. आणि ठरावीक दिवसांनी सगळं पुसायचं, तो दिवस आधी लिहून घ्यायचा.

रॉ फाइल्सबद्दल कायदा माहीत असू दे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे कुणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसताना त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे आयोजक. तुझ्या इन्स्टाग्रामवर टाकायचे तर तूच त्याची परवानगी घ्यायची, आणि चेहरा दिसत असेल तर त्या माणसाचीही. कॉपीराइट एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, या दोन गोष्टींची गल्लत आपल्या धंद्यात रोज होते. मात्र करार तुझ्या हातात आहे. कोटेशनच्या खाली तीन ओळी घाल: निवडलेले फोटो देईन, सगळ्या फाइल्स नाही, प्रतिनिधीने ‘नको’ म्हटलेले फोटो मी जागेवर पुसेन आणि ते मोजणीत धरले जाणार नाहीत, काम संपल्यावर इतक्या दिवसांनी माझ्याकडच्या प्रती पुसेन. मी २०१०पासून हे लिहिते. एवढ्या वर्षांत दोन कामं गेली, दोन्ही त्याच वर्षी.

लांब लेन्सची सवय कमी कर. ७०-२०० लावून कोपऱ्यातून टिपलेला फोटो सुंदर येतो, मान्य आहे, माझेही सगळ्यात चांगले फोटो तिच्यावरचे आहेत. पण समोरच्याला कळतच नाही की आपण फ्रेममध्ये आहोत, मग तो नको म्हणणार कधी? चहाच्या सुट्टीत ३५ची छोटी लेन्स लाव. तिला माणसाजवळ जावं लागतं, त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. भुवया उंचावून नुसतं विचार, ‘काढू?’ तो मान हलवेल किंवा हात आडवा करेल. सायलेंट शटर व्यासपीठासमोर ठीक आहे, गर्दीत मात्र आवाज चालू ठेव, म्हणजे माणसाला कळतं.

आणि आयोजकाला नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून काम मिळालं की त्याला स्वतः फोन कर. विचार, की कुणाला फोटो नको असेल तर मला कसं कळणार? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो, आणि विचारल्यावर ते चांगलं वागतात. फोन चार-पाच दिवस आधी कर. आदल्या रात्री केलास तर रंगीत दोऱ्या आणायला कुणाकडे वेळ नसतो.